गावरान कळपात नवी जात आणताना

गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. एका खेपेला १२-१५ अंडी घातली की खुडूक बसते. मग २१ दिवस अंड्यांवर आणि त्यापुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, दहा कोंबड्या असल्या तरी वर्षाची अंडी ५००-६०० च्या पुढे जात नाहीत. त्यातली निम्मी उबवणीला ठेवली तर घरच्या ताटात रोज एक अंडंही येत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा पट्ट्यात बहुतेक घरांची अडचण हीच आहे, आणि आमच्याकडेही कळपात नवी जात आणायचं ठरलं ते यामुळेच.

“कोणती जात चांगली?” असं विचारलं की गावात दहा जणांची दहा उत्तरं येतात. आम्ही आधी कागदावर कळपाची कामं लिहिली: अंडी देणं, अंडी उबवून पिल्लं सांभाळणं, मांसाला वजन धरणं, आणि उन्हाळा, रोग, मुंगूस-घार यांतून तगून राहणं. गावरान कोंबडी दुसरं आणि चौथं काम उत्तम करते. पहिल्या कामात ती कमी पडते, तिसरं जेमतेम जमतं. अंडी भरपूर आणि वजनही भरपूर देणारी, वर खुडूकही बसणारी आणि मे महिन्यात टिकणारी कोंबडी कुठे मिळत नाही. तशी आहे म्हणणारा माणूस पिल्लं विकायला निघालेला असतो. आम्हाला अंडी हवी होती. म्हणून गावरान कोंबड्या तशाच ठेवायच्या, अंड्यांसाठी थोड्या वेगळ्या कोंबड्या आणायच्या, आणि कोंबडा बदलायचा का ते पाहायचं, इथवर विचार ठरला.

जात पाहताना पहिली चाळणी उन्हाची. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यातूनच अंग थंड करते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे अंड्याचं कवच पातळ पडतं. अंग जड आणि पिसं दाट असली की धोका वाढतो. दुपारी दोन ते पाच या वेळात आधी जड कोंबड्याच पडतात. दुसरी चाळणी शिकाऱ्यांची. पांढरीशुभ्र कोंबडी वावरात लांबून दिसते, घारीला आणि शिक्र्याला तर फारच सोपी. जड कोंबडी उडून फांदीवर किंवा कवेलूवर जाऊ शकत नाही. कुत्रं आलं की सापडते. या दोन चाळण्यांतच पांढरी लेगहॉर्न आणि ब्रॉयलर बाद झाल्या. लेगहॉर्न अंड्यांना फार चांगली, पण ती पिंजऱ्यातल्या तयार खाद्यावरची कोंबडी आहे.

आता ज्यांची नावं गावोगावी ऐकू येतात त्या जाती.

वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी तयार केली. अंडी आणि मांस अशी दुहेरी. परसात वर्षाला १००-११० अंडी. रंगीबेरंगी पिसं आणि लांब पाय, त्यामुळे गावरान म्हणून खपते. पिल्लं लवकर वजन धरतात, म्हणून विकायला बरी. पण पूर्ण वाढलेला कोंबडा तीन किलोच्या आसपास जातो, उन्हाळ्यात त्याचा जीव कासावीस होतो आणि खाद्यही जास्त लागतं. जास्त खाऊ घातलं तर कोंबड्यांच्या पोटात चरबी साठते आणि अंडी उलट कमी होतात.

ग्रामप्रिया त्याच संस्थेची, पण अंड्यांकडे झुकलेली. अंगाने हलकी, पळायला चपळ, अंडी तपकिरी. परसात नीट सांभाळली तर दीड वर्षाच्या वयापर्यंत १६०-१८० अंडी देते. तिसरी श्रीनिधी, दोन्हींच्या मधली. गिरिराजा बंगळुरूची, वजनाला चांगली, पण उन्हाच्या बाबतीत वनराजाचीच भावंडं. ऱ्होड आयलंड रेड ही मूळ अमेरिकेतली लाल कोंबडी काटक आहे, तपकिरी अंडी भरपूर देते, पण तेवढी अंडी हवी तर खाद्यही तेवढंच द्यावं लागतं. नुसत्या वेचणीवर तिचा आकडा झपकन खाली येतो.

वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा हे सगळे संकर आहेत. त्यांची अंडी उबवून पुढची पिल्लं काढली तर ती आईबापांसारखी निघत नाहीत. कुणी लहान, कुणी मोठं, अंडी कुणाची जास्त, कुणाची कमी. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून तर जास्त अंडी देतात. म्हणजे या जातींची पिल्लं दर दीड-दोन वर्षांनी नव्याने विकत आणावी लागतात. हा खर्च आधीच हिशेबात धरावा. बरेच जण गावरान कोंबड्या विकून सगळा कळप वनराजाचा करतात. मग उबवायला कोणीच उरत नाही आणि दोन वर्षांनी खुराडं रिकामं.

कडकनाथबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण विचारणा तिचीच जास्त असते. ही झाबुआ-अलीराजपूरची जात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस, कातडी, हाडंसुद्धा काळी; ऊन सोसते, काटक आहे. पण वर्षाला १०० च्या आसपास अंडी, खुडूक बसायला नाखूश, वाढ मंद: दीड किलो व्हायला पाच-सहा महिने. अंडी काळी नसतात, फिकट बदामी असतात. ‘काळं अंडं’ विकणारा माणूस फसवतो आहे असं समजावं. तुरा, जीभ, पाय काळे दिसले म्हणून पक्षी शुद्ध ठरत नाही, संकरातही काळेपणा उतरतो. आणि मुख्य प्रश्न विक्रीचा. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात पिल्लं देऊन अंडी परत घेण्याच्या हमीवर हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. जवळच्या शहरात ठरलेलं गिऱ्हाईक असेल तरच कडकनाथ. घरच्या अंड्यांसाठी ती कामाची नाही.

आसील चंद्रपूर-गडचिरोलीकडे जास्त दिसतो. लढाऊ रक्त, मांस घट्ट, पण अंडी गावरानपेक्षाही कमी. आसील मादी मात्र पिल्लांवर जीव टाकते, मुंगसावरही धावून जाते. कोंबडा मोकळ्या कळपात ठेवला की बाकीच्या कोंबड्यांचं डोकं रक्ताळतं. कोंबडबाजार, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजी, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या भावाचा हिशेब धरून आसील पाळू नये.

उरली उघड्या मानेची कोंबडी. दिसायला कुरूप, म्हणून बाजारात मागे पडते, आणि आमच्या मते विदर्भासाठी सगळ्यात दुर्लक्षित पक्षी हाच. मान बोडकी असते, अंगावरची पिसंही कमी असतात, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. हा गुण प्रभावी आहे: बोडक्या मानेचा कोंबडा गावरान कोंबड्यांवर सोडला तर निम्मी पिल्लं उघड्या मानेची निघतात. कोंबडा आईबाप दोघांकडून हा गुण घेऊन आलेला असेल तर सगळीच. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुबका असेल तर गुण एकाच बाजूने आलेला असतो. मान पूर्ण बोडकी असेल तर दोन्ही बाजूंनी. त्यासाठी हैदराबादच्या किंवा बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या कुक्कुट संशोधन संस्थेत जायची गरज नाही, आठवडी बाजारात नीट पाहिलं तर असा कोंबडा सापडतो.

शेवटी ठरलं ते असं: गावरान कोंबड्या तशाच, अंड्यांसाठी ग्रामप्रियाच्या चार-पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), आणि जुन्या कोंबड्याच्या जागी उघड्या मानेचा कोंबडा. चार ग्रामप्रिया १५० च्या हिशेबाने ६०० अंडी देतात, म्हणजे दहा गावरान कोंबड्यांइतकी. वनराजाचा कोंबडा मुद्दाम टाळला. सव्वा किलोच्या गावरान कोंबडीवर तीन किलोचा कोंबडा चढला की तिच्या पाठीची पिसं जातात, कातडी फाटते.

पिल्लं कुठून घ्यायची हा जातीइतकाच महत्त्वाचा भाग आहे. नागपूरला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात कोणत्या जातीची पिल्लं कधी निघणार ते कळतं; नोंद आधी करावी लागते. खाजगी हॅचरीतून घेताना दोन प्रश्न विचारावेत: मरेक्सची (पक्षी लुळा पाडणाऱ्या रोगाची) लस पहिल्या दिवशी दिली का, आणि पिल्लं नर-मादी मिसळ आहेत का. मरेक्सची लस घरी नंतर देऊन उपयोग नाही. मिसळ पिल्लांत निम्मे नर धरायचे. म्हणजे पाच तलंगा हव्या असतील तर १४-१५ पिल्लं आणावी लागतात, कारण दोन-तीन मरतातही. आठवडी बाजारात टोपलीत हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं येतात ती लेअर (अंड्यांच्या) जातींचे नको असलेले नर किंवा ब्रॉयलर असतात. लेकरं हट्ट करतात, पण ती अंडी देत नाहीत. एक दिवसाच्या पिल्लाऐवजी चार-सहा आठवडे वाढवलेलं पिल्लू मिळालं तर किंमत जास्त पडते, पण बल्ब आणि लस यांचा निम्मा त्रास वाचतो.

वेळ पोळ्यानंतरची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची, सगळ्यात बरी. पावसाळ्याच्या ऐन ओलीत पिल्लं आणली तर रक्ती हगवण लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा त्यांना मारतो. फेब्रुवारी-मार्चची पिल्लं मे महिन्यात अर्धवट वाढलेली असतात. पोळ्यानंतरची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी पूर्ण वाढीची होतात.

पिल्लं येण्याआधी जागा तयार हवी. २५ पिल्लांपर्यंत चार फूट व्यासाचं पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंच रिंगण पुरतं. गोल असावं, कोपऱ्यात पिल्लं चेंगरतात. तळाला दोन इंच तूस. पूर्व विदर्भात धानाचा तूस सहज मिळतो, आमच्याकडे लाकडाचा भुसा वापरावा लागतो. सोयाबीनचं कुटार टोचतं आणि ओल धरतं, ते नको. भुशावर पहिले तीन दिवस कागद, नाहीतर पिल्लं भुसाच खातात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश तापमान, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. तापमापी नसली तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट म्हणजे थंडी, कडेला पांगून धापा म्हणजे उष्णता, सगळीकडे पसरून खातायत म्हणजे बरोबर. वीज जाते म्हणून मातीच्या मडक्यात निखारे भरून वर टिनाचं झाकण ठेवायची तयारी असावी. धूर मात्र साचू देऊ नये. त्याने पिल्लं गुदमरतात.

आल्याबरोबर आधी पाणी. लिटरला दोन-तीन चमचे गूळ, प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची. दोनेक तासांनी कागदावर मक्याचा भरडा, दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. सहा आठवड्यांत एका पिल्लाला साधारण दीड किलो स्टार्टर लागतं. इथे काटकसर करून कणीवर वाढवलेली ग्रामप्रिया खुरटते, उशिरा अंड्यावर येते आणि मग लोक जातीला नावं ठेवतात.

लसींचं वेळापत्रक: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची पहिली लस), डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची, २८ व्या दिवसाच्या आसपास लासोटा पुन्हा, सहा-सात आठवड्यांनी देवीची, आठ-दहा आठवड्यांनी मानमोडीसाठी आर२बी, टोचून. आर२बी लहान पिल्लांना देऊ नये, लुळी पडतात. लासोटा पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवायचा आणि तोवर बर्फात ठेवायचा. खिशात घालून उन्हातून आणलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी. कुपी १०० पक्ष्यांच्या खाली सहसा मिळत नाही, तेव्हा शेजारची चार घरं किंवा बचत गट मिळून एकाच दिवशी लस द्यावी. त्याचा खरा फायदा वेगळाच. गावातल्या निम्म्या कोंबड्या लस न घेतलेल्या राहिल्या तर उन्हाळ्यात मानमोडी गावात शिरते आणि नव्या जातीची आधी भेट घेते. जुन्या गावरान कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचून घ्यावं; त्या काटक असतात, पण मानमोडी त्यांनाही सोडत नाही.

खाद्यात कापूस पट्ट्याची एक खास चूक होते. घरात बैलांसाठी सरकीची ढेप असते, ती कोंबड्यांना टाकतात. सरकीत गॉसिपॉल असतं. त्याने साठवलेल्या अंड्यातला बलक हिरवट-काळपट पडतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. कच्चं सोयाबीनही नको. त्यातल्या घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत. भाजून मगच द्यावं. आमच्याकडे अंड्यावरच्या कोंबड्यांचं १० किलोचं मिश्रण असं: ज्वारी किंवा मक्याचा भरडा ६ किलो, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) २ किलो, कोंडा १ किलो ८०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम. दिवसभर मोकळं चरून आलेल्या ग्रामप्रियाला संध्याकाळी ५०-६० ग्रॅम. गावरानला तीसेक ग्रॅम पुरतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. ज्या कोंबडीला कवचासाठी लागतो ती खाते. मिश्रणातच टाकला तर वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. शेंगदाण्याची ढेप पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा टाळावी.

नवीन पक्षी जुन्या कळपात थेट सोडायचे नाहीत. वाढवलेली पिल्लं किंवा बाजारातून आणलेला कोंबडा असेल तर तीन-चार आठवडे वेगळे, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आधी जुन्यांना दाणापाणी, मग नव्यांना. उलट केलं तर रोग आपल्याच हातापायांनी जातो. आणताना पाहायचं: नाकाला चिकट नको, डोळ्यात फेस नको, मागची पिसं विष्ठेने माखलेली नकोत, पंखाखाली उवा नकोत, पायाचे खवले उचललेले नकोत. छातीचं हाड सुरीसारखं लागलं तर पक्षी आतून खंगलेला आहे. पायाचे खवले उचललेले दिसले तर खोबरेल तेलाने पाय आठवड्यातून दोनदा भिजवले की किडा गुदमरतो. राखेत थोडी हळद घालून धुळीची अंघोळ करायला खड्डा दिला तर उवा बऱ्याच कमी होतात.

मग आठवडाभर जाळीआड: दिसतील, पण चोच लागणार नाही. त्यानंतर एका रात्री अंधारात नव्यांना जुन्यांच्या दांडीवर बसवायचं. सकाळी मारामारी होते, पण दिवसा ढवळ्या सोडल्यावर होते त्याच्या पावभरही नाही. एकटा नवा पक्षी टाकायचा नाही, तीन-चार एकत्र टाकायचे, म्हणजे मार वाटला जातो. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, मधे तुराटीचा एखादा भारा उभा करून आडोसा. आठ-दहा दिवसांत क्रम ठरतो. रक्त निघालेली कोंबडी लगेच बाजूला काढावी, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात.

खुराड्यात पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा. दांडी हलक्या कोंबड्यांना तीन फुटांवर चालते. जड जात असेल तर दीड फुटापेक्षा उंच नको, रोज उडी मारून तळपाय सुजतात. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्याचं एक टोपलं, अंधाऱ्या कोपऱ्यात. जाळी अर्ध्या इंचाची आणि जमिनीत फूटभर गाडलेली, नाहीतर मुंगूस उकरून आत येतं. टिनाचं छप्पर असेल तर मार्चअखेर त्यावर पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा जाड थर टाकायचा, दुपारी त्यावर पाणी मारायचं आणि भिंतीला ओलं पोतं लावायचं. उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर; दुपारी पोटात दाणा पचताना अंग आणखी तापतं.

ग्रामप्रियाची अंडी आणि गावरानची अंडी वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण उबवणीला गावरानचीच ठेवायची. ग्रामप्रियाचं अंडं मोठं आणि गडद असतं, पण सरसकट नाही. म्हणून उबवणीची अंडी घ्यायच्या काळात गावरान कोंबड्यांना सकाळी दहापर्यंत वेगळ्या डालग्यात ठेवतात. खुडूक गावरानखाली १०-१२ अंडी, सात दिवसांच्या आतली. ज्यांना संकराची पिल्लं चालतात ते एखादं ग्रामप्रियाचं अंडंही मधे सारतात; उघड्या मानेच्या कोंबड्याची ती पिल्लं उन्हाला चांगली निघतात, अंडी मात्र आईइतकी देत नाहीत.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. आणलेल्या मिसळ पिल्लांतले नर दीड-दोन महिन्यांत तुऱ्याच्या लालीवरून कळतात. त्यांना वेगळं काढून वाढवायचं आणि होळीच्या करीपर्यंत विकायचं. ग्रामप्रियाचे नर वनराजाइतके भरत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर महागडं खाद्य घालण्यात अर्थ नाही. ज्वारी, कोंडा आणि मोकळी वेचणी बास. उघड्या मानेचा कोंबडा दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या कुणाशी तरी बदलून घ्यायचा, नाहीतर तो आपल्याच पोरींवर येतो आणि अंडी नासायला लागतात.